बोर्ड गेला

काकांनी त्या कॉम्प्युटरला एक सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडदा मात्र काळा ठिक्कर. दोन दिवस हेच चाललं होतं. सप्लाय बदलून झाला, केबली बदलून झाल्या, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून लखलखीत झाल्या, तरी पठ्ठ्या ढिम्म. मधल्या मधे काकांचं जेवण दोनदा गार झालं आणि त्याचाही राग त्यांनी कॉम्प्युटरवरच काढला.

कॉम्प्युटर दुरुस्तीचा काकांचा धंदा अठ्ठावीस वर्षांचा. घराची पुढची खोली हेच दुकान. शिक्षण म्हणाल तर यथातथाच, पण कान तयार. कॉम्प्युटर सुरू होताना आतला छोटा स्पीकर बीप देतो, एक लांब, दोन आखूड असं काहीबाही, आणि त्यावरून काय बिघडलंय ते कळतं. इतर दुरुस्तीवाले त्यासाठी पुस्तकं चाळत, काका भिंतीपलीकडून ऐकून सांगत. फारच अडलं तर शेवटची परीक्षा ठरलेली. रॅम काढायची आणि बटण दाबायचं. बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, जिवंत असेल तर रॅम नाही म्हणून ओरडतोच. ओरडला नाही, तर बोर्ड गेला. आणि काकांनी ‘गेला’ म्हटलं की ती काळ्या दगडावरची रेघ. गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाला विचारायलाही जात नसे.

या कॉम्प्युटरची रॅम त्यांनी चार वेळा काढून बघितली होती. चारही वेळा तो गप्प.

दुपारी कॉम्प्युटरची मालकीण आली. गल्लीच्या टोकाला तिचं भरतकामाचं दुकान होतं. दोरे बदलून बदलून शाळेच्या गणवेशांवर चिन्हं काढणारं एक थोराड मशीन आणि त्याला हुकूम सोडणारा हा एक म्हातारा कॉम्प्युटर, एवढ्यावर तिचं घर चालायचं.

“झाला का हो काका?”

“बोर्ड गेला, ताई.”

ताई उभी होती ती स्टुलावर बसली. “मग दुसरा बसवा की.”

“एवढा जुना मिळतोय कुठे! आणि नव्या कॉम्प्युटरात तुमच्या मशीनला जोडणारं ते कार्ड बसायचं नाही.”

म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठोपाठ मशीनही भंगारात. ताईने हळूच विचारलं, “नक्की ना काका?”

झालं! काकांचं पित्त खवळलं. दोन दिवस घाम गाळायचा, वर ‘नक्की ना’ ऐकायचं. “या इकडे, तुम्हालाच दाखवतो,” म्हणत त्यांनी रॅमच्या पट्ट्या उपटल्या. “हा आता ओरडायला हवा. ऐका. येतंय काही ऐकू?” त्यांनी बटण दाबलं.

“येतंय की,” ताई म्हणाली.

“पंख्याचं नाही म्हणत मी. बीप, बीप!”

“तेच हो. टीं टीं करतोय.”

बाईला आशेने भास होतायत, काकांच्या मनात आलं. तेवढ्यात आतून काकू पदराला हात पुसत आल्या. “बंद करा बाई ते एकदाचं. दोन दिवस डोकं उठवलंय त्याने. मला वाटलं, तुम्हीच मुद्दाम वाजवताय.”

काकांनी कान स्पीकरला लावला. बोट ठेवलं तर बोटाखाली बारीकशी थरथर लागत होती. आवाज नव्हता. माणसांचं बोलणं, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं त्यांना नीट यायचं. तेवढा हा बारीक सूर कधी निघून गेला ते कळलंच नव्हतं. गजर वाजत नाही म्हणून वर्षभरात त्यांनी दोन घड्याळं बदलली होती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

“मोजा,” ते रॅम परत बसवत म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा चढलाच होता. “किती लांब, किती आखूड?”

दोघींनी मोजलं. एक लांब, दोन आखूड. म्हणजे डिस्प्ले कार्ड. काकांनी ते उपसलं, घासलं, पुन्हा दाबून बसवलं. पडदा उजळला. पाच मिनिटांचं काम! ताई हसली, रडली, ‘काका, तुमच्या हातात जादू आहे’ म्हणाली. ते ऐकताना काकांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

ती गेल्यावर काकांनी पलंगाखालून खोकं ओढलं. या वर्षात ‘गेला’ म्हणून सांगितलेले आणि मालकांनी तिथेच टाकून दिलेले चार बोर्ड त्यात होते.

“बस इथे,” ते काकूंना म्हणाले. “वाजलं की बोट वर कर.”

“अहो, चहा तरी...”

“बस म्हणतो ना!”

त्यांनी पहिल्याला रॅम न लावता सप्लाय आणि स्पीकर जोडून वीज दिली. हा हिशेबनिसाचा. काकूंचं बोट वर झालं. दुसरा शाळेतल्या शिपायाचा. पोरीच्या शिक्षणासाठी जुना घेतला होता बिचाऱ्याने. बोट वर झालं. तिसऱ्यालाही झालं. काकांनी मान खाली घालून चौथा जोडला.

बोट वर झालं नाही.

काकांना केवढं हायसं वाटलं! निदान एक तरी खरोखर मेला होता. त्यांनी मान वर केली. काकू बोर्डाकडे बघतच नव्हत्या, त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

“खरं सांग,” काका म्हणाले.

काकूंनी बोट वर केलं.