पुस्तकातला माणूस जिवंत ठेवणाऱ्या इंदुताई

इंदुताईंच्या मलकापूरच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती माझं बाड परत मागायला. टपालानं पाठवलेलं ते कित्येक महिने त्यांच्याकडे पडून होतं, आणि तेवढ्यात पुण्याच्या दुसऱ्या एका एजंटसाहेबांनी आठवड्याभरात होकार कळवला होता. मी शिराळ्याजवळच्या एका गावातली अंगणवाडी सेविका. आपलं लिखाण घेऊन प्रकाशकांकडे जाणारा, आपल्या वतीनं बोलणारा असा कुणी माणूस असतो, हेच मला नुकतं कळलेलं. त्यात एक सोडून दोन मिळाल्यामुळे मी जरा हवेतच होते.

ताईंनी चहा दिला आणि विचारलं, "त्यांनी काही बदल सुचवलाय?"

"फार नाही. शेवटी नायकाला शहीद करायचं म्हणतात. म्हणजे पुस्तक खपेल."

"आणि नायक सध्या कुठं असतात?"

"घरीच. आत्ता म्हशीला वैरण टाकत असतील."

ताई हसल्या नाहीत. माझं पुस्तक माझ्या यजमानांवर होतं. लष्करातून ते परत आले तेव्हा पायाची बोटं बर्फात गेली होती आणि एक जिवलग मित्र तिथंच राहिला होता. त्या दिवसाबद्दल ते घरात चकार शब्द काढत नसत. दुसऱ्या जवानांकडून जे कानावर आलं ते आणि ह्यांच्या गप्प राहण्यासोबतचा माझा संसार, एवढंच मी लिहिलं होतं.

"एजंट निवडताना त्याचं ऑफिस बघू नका, त्याच्या ओळखी बघू नका," ताई म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकातला माणूस त्याला दिसलाय का, ते बघा. आणि मलाही लगेच हो म्हणू नका. मला ते अजून नीट दिसलेले नाहीत."

स्वतःकडे आलेलं काम असं लांब ढकलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढे कळलं, हा त्यांचा नेहमीचाच खाक्या. कराडचे एक डॉक्टर गझला घेऊन आले, तर ताईंनी सरळ सांगितलं, "कवितेतलं मला कळत नाही, उगाच तुमची वर्षं वाया घालवीन." वर सांगलीच्या एका जाणकारांना स्वतः फोन लावून दिला. ताईंचा फोन म्हणजे चार वाक्यं. पाचव्याला तो कट झालेला असतो आणि समोरचा हॅलो हॅलो करत बसतो!

बाड ताईंकडेच ठेवून घरी आले आणि ह्यांना पुण्याचा निरोप सांगितला. "मला मारल्याबिगर पुस्तक निगत न्हाई म्हनतोय व्हय?" हे म्हणाले. "मग मार की. तुजं काम हुत आसंल तर माझी ना न्हाई." बोलले हसतच, पण उसाकडे गेले ते जेवायलाही आले नाहीत. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. पुस्तक तर मला हवंच होतं.

पुढच्याच आठवड्यात ताई एसटीनं आमच्या दारात. छापखान्यात त्यांनी उभी हयात मुद्रितं तपासली. तिथं एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं कागदावर नजर ठेवायची, अशी रीत. एजंट झाल्यावरही ती त्यांनी सोडली नाही. कोणतंही बाड हाती घेण्याआधी त्या ते लेखकाला पहिल्यापासून वाचून दाखवतात. आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात त्या वाचत होत्या, मी ऐकत होते, आणि हे आमच्याकडे पाठ करून दोरी वळत बसले होते.

बर्फाचं पान आलं आणि ताई थांबल्या. "साहेब, पुढचं वाचू? तुम्ही नको म्हणालात तर हे इथंच मिटते. मग हे पुस्तक मी कुणाकडे नेणार नाही, आणि बाईंनीही नेऊ नये असं सांगेन."

माझ्याच पुस्तकाचा निकाल त्यांनी माझ्यासमोर दुसऱ्याच्या हाती दिला! मला राग यायला हवा होता. पण मी ताईंकडे नुसती बघत राहिले.

ह्यांची दोरी थांबली. म्हणाले, "वाचा. पर त्यो गायचा लय झ्याक. त्ये लिवायचं ऱ्हायलंय तिचं." आणि त्या मित्राविषयी, आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा, हे बोलायला लागले. ताईंनी बाड बाजूला ठेवलं. मी पदर तोंडाला लावून ऐकत होते.

पुण्याला मी नकार कळवला. ताईंनी पुस्तक घेतलं आणि जिथं जिथं शेवट बदलायची अट पडली तिथून ते परत आणलं, एकदा तर फार मोठ्या नावाच्या प्रकाशकाकडूनही. मीच कच खाऊन म्हटलं, "ताई, बदलूया का?" त्या म्हणाल्या, "तुमच्या यजमानांना विचारून या." आणि फोन कट. शेवटी सांगलीच्या एका लहान प्रकाशकांनी काना-मात्रा न बदलता ते काढलं.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथासाठी लिहायला बसले तेव्हा शुभेच्छेचे शब्द काही केल्या जमेनात. ह्यांना विचारलं, "आवं, ताईंसाठी काय मागू?"

हे म्हणाले, "लिव्ह, त्या बाईंनी मला मरू दिलं न्हाई. आता त्यास्नी म्हनावं, तुमीबी ठणठणीत ऱ्हावा आन् लय वर्सं जगा. आन् ह्यो हुकूम समजा."