कुंदाबाईंच्या मेंदूचे दोन फोटो

अमळनेरच्या एसटी स्टँडवर कुंदाबाईंनी एकतीस वर्षं चौकशीची खिडकी सांभाळली. निवृत्त झाल्यावर मुलगा भूपेंद्र त्यांना जळगावला, मेहरूणच्या फ्लॅटवर घेऊन आला. भूपेंद्रचा मुलांची स्मरणशक्ती वाढवायचा क्लास होता. घरात मात्र आईला काही आठवावंच लागू नये, अशी त्याने सोय केली. भाजी घरपोच, नंबर मोबाइलमध्ये, समोर टीव्ही. वर्षभरात कुंदाबाई गॅसवरचं दूध विसरू लागल्या.

त्याच सुमारास पुण्याहून डॉक्टर ममता आल्या. मेंदूचे भाग आपसात किती जोडून काम करतात आणि त्याचा बुद्धीशी काय संबंध, हे त्या म्हाताऱ्या माणसांत दोनदा तपासणार होत्या. आता आणि तीन वर्षांनी. कुंदाबाईंचा स्कॅन झाला. ऐकवलेल्या पंधरा शब्दांपैकी चार आठवले. भूपेंद्रने संध्याकाळीच दारांवर चिठ्ठ्या चिकटवल्या : ‘स्वयंपाकघर’, ‘संडास’.

कुंदाबाईंनी चिठ्ठ्या वाचल्या, पिशवी भरली आणि अमळनेरला बहिणीकडे गेल्या. रोज सकाळी स्टँडच्या बाकावर बसू लागल्या. गाड्यांच्या वेळा बदलल्या होत्या. त्यांनी नव्या पाठ केल्या. लोक खिडकी सोडून त्यांनाच विचारू लागले.

तीन वर्षांनी पुन्हा स्कॅन. या वेळी अकरा शब्द.

“लांबलांबचे भाग आता जास्त जोडीने काम करतायत,” डॉक्टर म्हणाल्या. “पण कशामुळे, ते सांगता येणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं.”

डॉक्टरांना सांगता येईना, ते भूपेंद्रला लगेच कळलं. आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला : आईचा फोटो, डोक्यात रंगीत तारा, खाली ‘आमच्या पद्धतीचा चमत्कार’. हॉल घेऊन सत्कारही ठेवला.

शाल अंगावर पडताच कुंदाबाईंनी माईक ओढला. “भूपेंद्र, तुना क्लासमा मी कधी उनू रे?”

आई क्लासला कधी आलीच नव्हती हे कळून हॉल हसला. भूपेंद्रही हसला, पण उशिरा.

“मी स्टँडवर बसस. लोकेसले गाड्या सांगस. बठ्ठं तेच शे.”

‘सगळं तेवढंच’ हे पालकांनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी भूपेंद्रने नवी बॅच काढली : ‘एसटी वेळापत्रक पाठांतर’. दोन दिवसांत ती भरली. साठ मुलं एका सुरात शिरपूर, चोपडा, धुळे घोकतात. वेळापत्रक मात्र दोन वर्षांपूर्वीचं आहे.