विषय आपण काढायचा नाही

आमच्या विभागाला एक प्रोफेसर हवा होता, आणि तो कोण असावा हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं सरळ असूनही ते का जमलं नाही, हे मला आजवर कुणाला धड समजावून सांगता आलेलं नाही. ऐकणारा हसतो आणि म्हणतो, "मग विचारायचं ना त्यांना." खरं आहे. विचारायचं ना.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. विद्यापीठाने ठाण्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा नवा विभाग काढला होता. विभाग म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला, इस्पितळांनी टाकून दिलेली काही यंत्रं, आमचे विभागप्रमुख आणि आम्ही मोजके लेक्चरर. मी त्यांतली सगळ्यात नवी. डोंबिवलीत राहायचे, आधी एका कारखान्यात ईसीजीची मशिनं दुरुस्त करायचे, आणि तोंडाची फटकळ म्हणून माहेरी आणि सासरी सारखीच प्रसिद्ध होते. विद्यापीठाने आम्हाला वरिष्ठ प्राध्यापकाची एक जागा मंजूर केली होती. ती भरली की संशोधनाला मान्यता, पीएच.डी.चे विद्यार्थी, नवी प्रयोगशाळा, सगळं ओळीने येणार होतं. मुदतीत भरली नाही तर जागा परत जाणार होती आणि तिच्यामागून विभागही गुंडाळला जाणार होता.

आमच्या मनातला माणूस दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत होता. तालुक्याच्या इस्पितळाला परवडेल असं डायलिसिसचं यंत्र बनवण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांचे लेख आम्ही वर्गात शिकवायचो. आणि गंमत म्हणजे हा माणूस आमच्या उशाशीच जन्मलेला होता. बाळकुमच्या कोळीवाड्यातला. वडील खाडीत होडी घालायचे. ते गेल्यावर आई तिथेच राहिली होती, एकटी, आणि जागा सोडून लेकाकडे जायला तयार नव्हती. त्यांच्या संस्थेतला एकजण आमच्याकडे परीक्षक म्हणून यायचा. तो सांगायचा, "आईचं वय झालं, आता ठाण्याला गेलं पाहिजे, असं सारखं चाललेलं असतं त्यांचं."

म्हणजे आम्हाला ते हवे होते आणि त्यांना इथे यायचं होतं. मग घोडं अडलं कुठे? तर आमच्या सरांपाशी.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, अतिशय सज्जन माणूस. शिपायालाही अहो-जाहो करणारे. अर्ज केल्याशिवाय आणि मुलाखत दिल्याशिवाय नेमणूक होत नाही, हा विद्यापीठाचा नियम. सरांना तो नियम मान्य होता, पण या माणसाला तो लावायचा म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा.

"अहो, एवढा मोठा माणूस," ते मला म्हणाले. "त्यांना काय सांगायचं, अर्ज करा म्हणून? आणि मुलाखतीला बाहेर बाकावर बसवायचं, कालच्या पोरांच्या शेजारी? ते नाही म्हणाले तर त्यांनाही अवघड आणि आपल्यालाही. विषय आपण काढायचा नाही. त्यांच्या तोंडून आलं पाहिजे."

"आणि नाही आलं तर?" मी विचारलं.

"येईल हो. आपण तशी वेळ आणू."

वेळ आणायची म्हणून सरांनी त्यांना व्याख्यानाला बोलावलं. आमच्याकडे मुलगी दाखवायची असली की सत्यनारायणाचं निमित्त काढतात, त्यातलाच प्रकार. ते लगेच हो म्हणाले. त्याच आठवड्यात जागेची जाहिरातही पेपरात आली. सर खूश झाले, कारण आता सांगायलाच नको होतं, त्यांच्या आपोआप वाचनात येणार होतं.

त्यांची गाडी सकाळी कल्याणला यायची होती. विद्यापीठाची जीप घेऊन मी आणायला गेले. सुटाबुटातलं कुणीतरी उतरेल असं वाटलेलं. उतरला तो सडपातळ, सावळा माणूस, पायात चपला, हातात कापडी पिशवी. "तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? मला रस्ता माहितीय की," असं म्हणत ते ड्रायव्हरशेजारी न बसता मागे माझ्यासमोर येऊन बसले. शीळफाट्याला आम्ही चहाला थांबलो.

"तुमच्याकडे जागा निघालीय म्हणे," ते कपाकडे बघत म्हणाले.

"हो सर. जाहिरात आलीय पेपरात."

"वाचली मी."

मी थांबले. तेही थांबले. समोरून ट्रकमागून ट्रक जात होते.

"सरांच्या मनात कोणी असेलच," ते म्हणाले.

सरांच्या मनातला माणूस माझ्यासमोर बसून बशीतला चहा फुंकत होता. आयुष्यभर ज्या जिभेने मी माणसं दुखावली ती त्या दिवशी टाळूला चिकटून बसली. सरांनी बजावलेलं होतं. त्यातून मी सगळ्यात धाकटी. एवढ्या मोठ्या माणसाला मी कोण विचारणार?

"तसं काही... बघू, अर्ज किती येतात ते," मी म्हणाले.

"येतील. हल्लीची पोरं हुशार आहेत," ते म्हणाले आणि बशी खाली ठेवली. पुढे ठाण्यापर्यंत आम्ही रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो.

व्याख्यान सुंदर झालं. खडू हातात घेऊन, फळ्यावर आकृत्या काढत, पोरांना प्रश्न विचारत ते बोलले. शेवटी म्हणाले, "मी इथलाच आहे. माहेरी आल्यासारखं वाटलं." पहिल्या रांगेत बसलेल्या सरांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग सर उठले आणि आभाराच्या भाषणात म्हणाले, "असे थोर पाहुणे आपल्याला दुर्मीळ. त्यांचं कार्य आता फार मोठ्या ठिकाणी चालू आहे. तरी त्यांनी आपली आठवण ठेवावी." त्यांना शाल पांघरली, श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरतात आणि वाटेला लावतात, तसं आम्ही त्यांना वाटेला लावलं. दोन दिवस ते आईकडे राहिले आणि परत गेले.

मग आम्ही त्यांच्या अर्जाची वाट बघत बसलो. टपाल आलं की सर स्वतः उठून बघायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि वर ताक का मिळालं नाही म्हणून हळहळायचं, असं ते सगळं होतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, फोन करून टाका ना." तर म्हणाले, "एवढं बोलावलं, मान दिला, तरी ते काही बोलले नाहीत. आता फोन करणं म्हणजे गळ्यात पडणं." शेवटी मुदत संपत आल्यावर त्यांना वेगळीच युक्ती सुचली. "तुम्ही त्यांच्या आईंना भेटून या. बायका बायका बोलाल. अंदाज घ्या फक्त."

बाळकुम तेव्हा गावच होतं. घराच्या ओट्यावर म्हातारी जाळ्याची भोकं सांधत बसली होती. मी विद्यापीठातून आले म्हटल्यावर तिने जाळं बाजूला सारलं.

"बस गो बाय. उनाची आलीस, पानी पी."

घर एका खोलीचं, लख्ख सारवलेलं. भिंतीवर खुंटीला जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट टांगलेलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "मावशी, सर इकडे ठाण्याला आले तर बरं होईल ना तुम्हाला?"

"माजा काय. त्याचा काम मोठा हाय. मी ये म्हनलं त सगला टाकून येल तो. मंग उद्या त्याला वाटंल, आयेपायी आपला नुकसान झाला. मी नाय बोलनार. तुमी शिकलेली मानसं, तुमीच सांगा त्याला."

"आम्ही कसं सांगणार, मावशी? ते एवढे मोठे."

"मोठा हाय," ती म्हणाली आणि तिला ते ऐकून बरं वाटलं. मला सुके बोंबील बांधून दिले. मी ते घरी कसे नेणार होते ते माझं मला माहीत, पण घेतले.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला. "आईसुद्धा या म्हणत नाहीत," ते म्हणाले, "म्हणजे त्यांची स्वतःची इच्छा नसावी. आपण भरीस घालणं बरं नव्हे."

भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे दोघी सख्ख्या बहिणी नांदत होत्या. मुलाखती झाल्या. जे आले त्यांतला कुणी त्या जागेला पुरा पडणारा नव्हता. पुन्हा जाहिरात दिली, पुन्हा तेच. जागा लॅप्स झाली. पुढे विभाग इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागाला जोडला आणि आमचा विषय एक ऐच्छिक पेपर होऊन उरला. यंत्रं भंगारात गेली. निवृत्तीच्या दिवशी सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते आले असते तर चित्र वेगळं असतं हो." मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटत होतं. काही वर्षांनी सर गेले.

नव्वदचं दशक संपता संपता बाळकुमचा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, ती सायंटिस्टची आई वारली, आमच्या वाड्यातली." मी भेटायला गेले. मधल्या काळात शेतांच्या जागी इमारतींचे सांगाडे उभे राहिले होते, कोळीवाडा शोधावा लागला. ओट्यावर प्रोफेसर बसले होते. केस पांढरे झालेले, ते नुकतेच उतरवल्यामुळे नुसते खुंट. त्यांनी मला ओळखलं.

आईबद्दल बोललो. शेवटच्या आजारात ते पोचायच्या आत ती गेली होती. "पत्रात कधी कुणाकडून लिहवून घेतलं नाही तिने, ये म्हणून," ते म्हणाले. "बरी हाय, काम कर. दर वेळी तेच." मग एकदम त्यांनी विचारलं, "तुमची ती जागा. कोण आलं मग तिथे?"

"कुणीच नाही, सर. लॅप्स झाली."

त्यांनी मान वर केली. "कुणीच नाही?"

"नाही."

"मला वाटलेलं सरांनी कुणालातरी ठरवलंय. नाहीतर एका शब्दाने विचारलं असतं. तुम्हाला शीळफाट्याला मी हळूच विचारूनही बघितलं. तुम्ही म्हणालात, बघू. मग मी आगंतुकासारखा मध्ये कसा घुसू?"

"सर म्हणायचे," मी म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाला मुलाखतीच्या बाकावर कसं बसवायचं."

ते हसले, पण नीट हसू आलं नाही. "अहो, मुलाखतीसाठी मी कोट शिवायला टाकलेला. तुम्ही बघू म्हणालात तरी सर विचारतील अशी आशा होती, म्हणून त्या दोन दिवसांत ठाण्यातच माप देऊन गेलो. जन्मात कोट घातला नव्हता. म्हटलं आपल्या गावात मुलाखत द्यायचीय, बरं दिसायला हवं. आईने आणून ठेवला."

ते आत गेले. खुंटीवरून लुगड्यात गुंडाळलेलं ते लांबट काहीतरी काढून घेऊन आले. मी ते बघितलेलं होतं. त्याच्याखाली बसून पाणी प्यायले होते. म्हातारीला ते काय आहे हे ठाऊक होतं आणि तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. लेकाच्या वाटेत यायचं नाही म्हणून.

लुगडं सोडल्यावर डांबरगोळ्यांचा वास आला. राखाडी कोट, एकदाही न घातलेला. त्यांनी तो बनियनवरच चढवला. खांद्यात आता सैल होत होता.

मला रडू आवरेना. विभाग नव्हता, जागा नव्हती, सर नव्हते, म्हातारी नव्हती. तरी मी विचारलं, "सर, आमच्या विभागात याल का?"

"येईन की," ते म्हणाले. क्षणभरही थांबले नाहीत.

मग त्यांनी कोट काढला, घडी मोडू नये अशा बेताने परत लुगड्यात गुंडाळला आणि खुंटीला लावून ठेवला.