बारा झिरो एक

वेळेवर आमच्या घुंगरवाल्या चाचांइतकं प्रेम करणारा माणूस साऱ्या मावळात सापडायचा नाही, आणि कुठेही वेळेवर न पोहोचणारा माणूसही त्यांच्यासारखा दुसरा मिळायचा नाही. सख्ख्या भाचीच्या निकाहाला चाचा पोहोचले तेव्हा पाहुणे जेवून, हात धुऊन पान खात बसले होते. चाचांनी मनगट वर केलं, घड्याळ पाहिलं आणि भाचीच्या सासऱ्यांना गंभीरपणे सांगितलं, "एक तास अकरा मिन्टं उशीर झाला. सेकंद सोडून देतो." सासऱ्यांना वाटलं, बिचारे माफी मागतायत. चाचा फक्त आकडा सांगत होते.

कामशेतच्या बाजारात त्यांचं बैलांच्या साजाचं दुकान आहे. घुंगरमाळा, गोंडे, झुली, म्होरक्या असं सगळं छतापासून लोंबत असतं आणि मधोमध चाचा बसलेले असतात. टाकव्यापासून शिरगावापर्यंत ज्याच्या दारात शर्यतीचा बैल, तो त्यांचं गिऱ्हाईक. स्वतः मात्र त्यांनी जन्मात बैल पाळला नाही. ते ना कुठल्या भावकीतले, ना कुठल्या गटातले, म्हणूनच बैलगाड्यांच्या शर्यतीत घड्याळ लावायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. आमच्याकडे गाडे एकमेकांशी पळत नाहीत, घड्याळाशी पळतात. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणायचं आणि एका धावेला बारी. खाली निशाण पडलं की घड्याळाचं बटण दाबायचं, बैलांनी वरची रेषा ओलांडली की पुन्हा दाबायचं. बारा सेकंदांपर्यंत बारी आली तर गाडा एक नंबरात, त्याच्या पुढे गेली तर दोन नंबरात. अर्ध्या सेकंदावरून दोन गावांचं येणंजाणं बंद झालेलं मी पाहिलं आहे, पण चाचांनी आकडा सांगितला की तावातावाने उठलेला माणूसही मुकाट खाली बसायचा.

मध्ये काही वर्षं शर्यतींवर बंदी आली आणि चाचांचा अंगठा रिकामा पडला. मग तो घरच्यांवर चालू लागला. चाचींच्या कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर, नळाखालची बादली भरायला लागणारा वेळ, शनिवारी लोणावळ्याकडे निघालेल्या मोटारींची रांग दुकानासमोरून सरकायला घेत असलेली मिनिटं, काही म्हणून सुटलं नाही. "एकदा माज्या बोलण्यालाच घड्याळ लावलं यांनी," चाची सांगायच्या. "मी रागानं गप बसले, तर म्हणतात, संपलं का, बटण दाबू?"

बंदी उठली आणि चाचांनी ते घड्याळ घेतलं. त्याची किंमत चाचींना अजून ठाऊक नाही आणि मलाही शपथ घालून सांगितलेली आहे. पोलादी, चौकोनी घड्याळ, करड्या काचेवर काळे आकडे, कडेला मोटारींच्या शर्यतीतल्या झेंड्यासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकड्या आणि एक लाल बटण. फार पूर्वीच्या मोटारशर्यतींतल्या घड्याळांसारखं दिसावं म्हणून मुद्दाम जुन्या वळणाचं घडवलेलं, आणि म्हणूनच महाग. ते सेकंदाचे शंभर तुकडे करून दाखवायचं. चाचांनी ते पहिल्यांदा आमच्या टाकव्याच्या घरी आणलं, तेव्हा माझ्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "असलंच एक मी जत्रंत पोराला घेऊन दिलतं. पाण्यात पडलं आन् बंद पडलं."

"ते जुनं व्हतं, आबा," चाचा दुखावून म्हणाले. "हे जुनं दिसतं."

त्या घड्याळाची खरी कदर केली ती एका पर्यटकाने. पवनेकडचा रस्ता विचारायला त्याने जमिनीला टेकेल अशी बसकी, लाल मोटार दुकानापुढे थांबवली आणि चाचांचं मनगट पाहून रस्ता विचारायचंच विसरला. "काका, हे तर रेसिंगचं घड्याळ. तुम्ही रेसमध्ये असता?" चाचा म्हणाले, "व्हय, तीस वर्षं." त्याने आदराने विचारलं, "इंजिन कुठलं?" चाचा म्हणाले, "चार बैल." तो मुलगा जाताना एक घुंगरमाळ विकत घेऊन गेला. ती त्याने त्या मोटारीत कुठे बांधली असेल, याचा मी अजून विचार करतो.

त्याच हंगामात ती बारी आली. आबांचा चिमण्या नावाचा बैल बंदीच्या आधीपासून पळत आला होता आणि ही त्याची शेवटची बारी, असं आबांनी ठरवलं होतं. एक नंबरात बसवून त्याला घरी न्यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. निशाण पडलं, गाडा भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यातून वर आला. चाचांनी काचेकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि सांगितलं, "बारा झिरो एक." सेकंदाच्या शंभराव्या तुकड्याने गाडा दोन नंबरात गेला. आबांनी चिमण्याच्या पाठीवरचा भंडारा हाताने पुसला आणि त्याला टेम्पोत चढवलं.

चार दिवसांनी चाचांनी मला दुकानात बोलावलं. मोबाईलमध्ये सेकंद लावायला सांगितले आणि स्वतः लाल बटणावर अंगठा ठेवून बसले. मोबाईलवरचे बरोबर दहा सेकंद त्यांना आपल्या घड्याळात पकडायचे होते. पहिल्यांदा दहा झिरो चार आलं. मग नऊ पंच्याण्णव, मग दहा झिरो सहा. दुपारभर आम्ही तेच करत बसलो. गिऱ्हाइकं आली, उभी राहिली, निघून गेली. बरोबर दहा एकदाही आलं नाही. मी म्हणालो, "चाचा, माणसाचाच अंगठा आहे." ते म्हणाले, "तेच तर. ही माज्या अंगठ्याची चूक. जुनं घड्याळ एवढं बारीक बघत नव्हतं, म्हनून मला कदी कळली न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टाकव्याला आले. आबा गोठ्यात चिमण्यापुढे वैरण टाकत होते. चाचा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, तुमचा गाडा एक नंबरात व्हता का दोन, ते मला ठाऊक न्हाई. त्या दिवशी ठाऊक हाये असं बोललो. जुन्या घड्याळात बारा पुरे दिसले असते आन् चिमण्या एक नंबरातनं घरी आला असता. हौस माजी, आन् बारी गेली त्याची." इतक्या वर्षांत त्यांना कोणी चूक म्हटलं नव्हतं, आणि आता ते स्वतःच स्वतःला म्हणत होते.

आबांनी हातातली पेंढी सोडवून पूर्ण पसरली. मग म्हणाले, "तीस वर्षं तुमी सांगितलं ते आमी घेतलं, चाचा. आता मी सांगतो ते तुमी घ्या. बारा झिरो एक."

चाचांनी त्यानंतर बटणाला हात लावला नाही. यात्रा कमिटीला त्यांनीच सांगितलं की रेषेवर किरण सोडणारं यंत्र आणा. गेल्या हंगामात ते आणलं. चाचांना मंचावर खुर्ची दिली होती, पण ते नेहमीप्रमाणे उशिरा आले आणि बांधावर आबांच्या शेजारी बसले. खाली निशाण पडलं. चार बैल सुटले, अर्ध्या चढावर एका रेषेत ताणले गेले, धुरळा उडवत समोरून गेले. चाचा तोंड उघडं ठेवून बघत होते. बारी संपली. मग हळूच म्हणाले, "आबा, मी आज पयल्यांदा गाडा बघितला. खालचं निशाण पडलं की माजे डोळे वरच्या रेषेवर. मधलं कदी बघायलाच मिळालं न्हाई."

मग ते आबांकडे वळले आणि म्हणाले, "चिमण्या कसा पळायचा?"

एवढे हंगाम त्यांनी त्या बैलाची बारी लावली होती. आबा कधी कशाचं कौतुक करणारे नव्हेत, पण त्या दिवशी सांगत सुटले. चिमण्या मान खाली घालून पळायचा, अर्ध्या चढावर कान मागे टाकायचा, शेजारचा बैल दमला तर त्याच्याकडे जरासं सरकायचा आणि त्याचाही भार ओढायचा. खाली पुढचं निशाण पडलं, लोक ओरडले, गाडा सुटून वर येऊन गेलासुद्धा. चाचांनी तिकडे मान वळवली नाही. ते आबांच्या तोंडाकडे बघत चिमण्याला पळताना पाहत होते.