होडीत बसणाऱ्याला विचारायचं नाही

परवा नातवाचा फोन आला. अमेरिकेतून बायकोपोरीला घेऊन तो वेस्ट इंडीजमधल्या कुठल्याशा बेटावर सुट्टीला निघालाय. म्हणाला, आजी, तू जन्मभर समुद्राकाठी राहिलीस, बेटावर जाताना काय काय न्यायचं ते सांग. थट्टा करत होता, मला काय कळत नाही? पण मी थट्टेवारी नेलं नाही. म्हटलं, डोक्याला टोप्या घ्या, पिण्याचं पाणी जवळ ठेवा, पोरीला उपाशीपोटी बोटीत बसवू नकोस. पोहायला येतं म्हणून मिरवू नकोस. दुपार कलली की होडीत पाय टाकू नकोस. पाणी केव्हा ओसरतं आणि केव्हा चढतं ते आधी विचारून घे. आणि निघताना कुठे चाललायस ते मागे राहणाऱ्या माणसाला सांगून जा, जागेचं नाव घेऊन. तर हसला. म्हणे, आजी, फोन असतो ना हातात. फोन! मेल्याला काय सांगणार? माणसं बुडतात, तिथे फोन काय पोहत येणार आहे?

फोन ठेवला आणि मी दाराशी जाऊन पाण्याकडे बघत उभी राहिले. एवढी वर्षं झाली, पण अजून तसंच होतं.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. मालवणात किनाऱ्याला लागूनच आमचं घर. आमच्या ह्यांची छोटी होडी होती. पावसाळा सोडून बाकीचे महिने हे किल्ल्यावर माणसं पोचवायचे. मुंबईची, कोल्हापूरची पाहुणे मंडळी यायची, किल्ला बघायची, शहाळी प्यायची आणि परत जायची. मी मसुऱ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. समुद्राची मला पहिल्यापासून भीती, आणि लग्न होऊन आले ती थेट त्याच्याच दारात.

आमच्या सासरी एक रीत होती, आणि ती सासूबाई डोळ्यांत तेल घालून सांभाळायच्या. होडीत पाय ठेवणाऱ्याला 'खंय चललंस' असं विचारायचं नाही. विचारलं की अपशकुन, गेलेला माणूस परत यायचा नाही. आमच्या गावीही निघालेल्या माणसाला कुठे म्हणून हटकत नसत, पण तिथे चुकून कुणी विचारलंच तर माणूस घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघायचा, संपलं. समुद्राच्या बाबतीत तशी सवलत नव्हती. हे रोज सकाळी निघायचे आणि मी दारात मुकाट उभी. सासरे असेच एका सकाळी होडी घेऊन गेले होते, ते परतलेच नाहीत. ते माझ्या लग्नाच्या आधीचं. सासूबाई त्यावर कधी बोलत नसत, आणि विचारायची माझी काय टाप!

त्या वैशाखात मुंबईहून धाकटे दीर आणि त्यांची बायको आली. जाऊ गिरगावात वाढलेली, सगळ्याचं अप्रूप. एके दिवशी जेवणं आटोपल्यावर ती ह्यांच्या मागेच लागली, होडीतून फिरवून आणा म्हणून. दीर तयार, हे तयार. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची, तिने रडून घर डोक्यावर घेतलं. म्हणून तिलाही घेतलं.

आम्ही दोघी सासवासुना किनाऱ्यावर पोचवायला गेलो. ह्यांनी होडी पाण्यात ढकलली, मुलीला उचलून आत ठेवलं, आणि तिने मोठ्याने विचारलं, "बाबा, आपण खंय चललोंव?" ह्यांनी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाई गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि कमरेच्या पिशवीतला गुळाचा खडा पोरीच्या तोंडात कोंबला. पोर गप्प झाली, हेही गप्प झाले. होडी निघाली. पाहुणे म्हणजे किल्ल्यावर, यापलीकडे आम्हाला काय सुचणार?

उन्हं कलायला लागली तसा वारा उठला. वैशाखात असा अवचित वारा सुटतो हे मला तोवर कळलं होतं. वाळवणं आत घेतली आणि किनाऱ्याकडे पाहिलं, तर किल्ल्याच्या बाजूने होड्या परत येत होत्या. त्यात आमची नव्हती. येतील, म्हटलं. जरा वेळाने पुन्हा पाहिलं. नव्हती. मी धावत खाली गेले. किल्ल्यावरून आलेल्या तांडेलाने, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या होडीवाल्याने, सांगितलं की आज तुमचे हे किल्ल्यावर आलेच नाहीत.

मग गेले कुठे?

किनाऱ्यावर माणसं जमली. जो तो मला विचारायला लागला, घोव तुला काय सांगून गेला? आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं! चार माणसं माझ्या डोळ्यांदेखत होडीत बसली आणि कुठे गेली ते मला ठाऊक नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? दक्षिणेला देवबागेपर्यंत किनारा पसरलेला, उत्तरेला खडकच खडक, समोर अख्खा समुद्र. दोन होड्या निघाल्या, एक किल्ल्याच्या पाठीमागे, एक देवबागेकडे. मी दोन्हींकडे बघत उभी. त्या बारीक बारीक होत गेल्या आणि मला वाटायला लागलं की दोन्ही चुकीच्या दिशेने चालल्यात. तसं वाटायला कारण काही नव्हतं, नुसती भीती होती. सासूबाई वाळूत बसल्या होत्या. देवाचं नावसुद्धा घेत नव्हत्या. त्यांना तसं बघून मी जास्तच घाबरले.

कुणी तरी म्हणालं, घरी जाऊन देवापुढे दिवा लाव. मी गेले. काडेपेटी घ्यायला स्वयंपाकघरात शिरले आणि माझी नजर भिंतीवरच्या खुंटीवर गेली. खुंटी रिकामी होती. तिच्यावर आमची कालवं फोडायची कोयती टांगलेली असायची. खडकाला चिकटलेली कालवं, ती शिंपल्यातली मऊ, त्यांचं कालवण सासूबाईंनी आदल्याच दिवशी केलं होतं. जावेने बोटं चाटून खाल्लं आणि ही कुठे मिळतात म्हणून विचारत बसली होती.

दिवा राहिला तिथेच. मी पुन्हा किनाऱ्याकडे धावले, पदर कुठे, केस कुठे, शुद्ध नव्हती. तांडेलाला ओरडूनच सांगितलं, कोयती नाही जागेवर, ते कालवं काढायला गेलेत. ऐकून तो माणूस पांढरा पडला. उत्तरेला टोकाच्या आड एक मोठं खडप आहे. ओहोटीला ते उघडं पडतं, अंगणाएवढं, लहान मूल घेऊन उतरावं असं. भरतीला त्याच्या डोक्यावरून पाणी जातं. आणि भरती लागून बराच वेळ झाला होता.

तांडेलाची होडी होती, तो आणि त्याचे दोन भाऊ वल्ही मारत निघाले. मी वाळूत बसले. पाणी माझ्या पावलांपाशी यायचं, परत जायचं, आणि दर खेपेला थोडं वर यायचं. मी मागे सरकत नव्हते. मला वाटत होतं, मी सरकले तर तिकडेही पाणी वर चढेल. वेडेपणाच तो, पण त्या वेळी वाटत होतं खरं.

अंधार पडायच्या आधी होडी टोकाआडून बाहेर आली. मी डोकी मोजली नाहीत, मोजायचं धैर्यच झालं नाही. सासूबाई पाण्यात शिरल्या आणि त्यांनी ओरडून सांगितलं, सगळी आसत म्हणून. तेव्हा मी रडले.

झालं होतं ते असं. होडी खडपाला बांधली होती. वारा सुटल्यावर ती हेलकावत राहिली आणि कालवांच्या धारेवर घासून दोर तुटला. ह्यांनी उडी मारेपर्यंत होडी लांब गेली होती. मग चौघं सगळ्यात उंच जागी उभी राहिली. तांडेल पोचला तेव्हा मोठ्यांच्या छातीपर्यंत पाणी आलं होतं. मुलगी ह्यांच्या खांद्यावर, दोन्ही मुठींत बापाचे केस. ती मुठी सोडीना, होडीतून उतरवतानाही सोडीना. सोडवल्या तेव्हा तिच्या हातात केसांचे पुंजके होते. ती पोर म्हणजे ह्या फोनवर हसणाऱ्याची आई.

दीर-जाऊ चौथ्या दिवशी मुंबईला गेली, ती पुढे कित्येक वर्षं आली नाहीत. आमची होडी फुटून किनाऱ्याला लागली होती, ह्यांनी ती दुरुस्त केली. ती पुन्हा पाण्यात घालायची त्या सकाळी किनाऱ्यावर बरीच माणसं होती. नारळ फोडून झाला. ह्यांनी एक पाय होडीत टाकला. मी नेहमीप्रमाणे मुकाट. आणि शेजारून सासूबाईंनी विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "खंय चललंस रे?"

एका म्हातारीने कानांवर हात ठेवले. हे एक पाय होडीत, एक पाय पाण्यात असे थिजून उभे. मग खालच्या आवाजात म्हणाले, किल्ल्यार. सासूबाईंनी विचारलं, आणि मगे? मग हे म्हणाले, मगे घराक.

होडी गेली. लोक पांगले. सासूबाई मात्र तिथेच होत्या, किल्ल्याकडे बघत. मीही थांबले. मग त्या बोलल्या, माझ्याकडे न बघताच.

"तुझ्या सासऱ्याक शोधूक दोन होडये गेले, गो. एक विजयदुर्गाकडे, एक वेंगुर्ल्याकडे. खंय गेलो तां माका म्हायत नाय हुता. मी इचारूकच नाय."