बिअर महोत्सवातला निनावी फोन

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते ती बहुधा दिवेलागणीला, एकट्यापुरता चहा टाकताना. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ओळखीचे लोक तेच ऐकायला मागतात. मी मात्र सांगायला बसलो की ज्या प्रकरणात गुन्हाच दाखल झाला नाही, तेच आधी ओठांवर येतं.

निवृत्तीच्या आधीचं ते माझं शेवटचं वर्ष. मांजरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एक मोठं मैदान आमच्या ठाण्याच्या हद्दीत होतं आणि तिथे दर हिवाळ्यात बिअर महोत्सव भरायचा. मोठ्या कंपन्यांची बाटलीतली बिअर नव्हे. छोटे छोटे बनवणारे आपापली पिंपं घेऊन यायचे. कोणाची आंब्याची, कोणाची नाचणीची, कोणाची गुळाची. फाटकावर मनगटाला कागदी पट्टी बांधायचे आणि हातात चव घेण्यापुरता छोटा ग्लास द्यायचे. न पिणाऱ्याला हिरवी पट्टी. तो बहुधा मित्रांना घरी पोचवायची जबाबदारी गळ्यात पडलेला एखादा बापडा असायचा. बंदोबस्त आमच्याकडे. पुण्यात पाच माणसं जमली की त्यातला एक पोलिसाला कायदा शिकवतो. बिअर पोटात गेली की पाचही शिकवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी नियंत्रण कक्षाकडून निरोप आला. एका माणसाने फोन करून सांगितलं होतं की गुळाच्या बिअरच्या स्टॉलवर नोकराने पिंपात विषारी औषध ओतलंय, माणसं मरतील, ताबडतोब बंद करा. नाव न सांगता त्याने फोन ठेवला आणि मग बंदच करून टाकला.

निनावी फोन बहुतेक खोटे असतात, पण कुठला खोटा हे आधी कळत नाही. मी स्टॉल थांबवला. उत्पादन शुल्क विभागाचे निरीक्षक मैदानातच होते; त्यांनी नळांना सील लावलं आणि नमुने काढले. स्टॉलचा मालक तिशीचा तरुण होता. शेतातला आपला हिस्सा विकून त्याने हा धंदा उभा केला होता. लोकांनी मोबाईल वर धरले होते आणि तो नुसता उभा होता. ‘विषारी’ हा शब्द एकदा चिकटला की अहवाल मागाहून कितीही स्वच्छ येवो, त्याच्या बिअरला कोणी हात लावणार नव्हतं. हे त्याला कळत होतं आणि मलाही.

त्याच्या मदतनिसाला आमच्या तंबूत घेतलं. आधी तो म्हणाला, मी काहीच ओतलं नाही. घाबरलेला माणूस खरं बोलण्याआधी एकदा खोटं बोलतोच. तेवढ्यावरून त्याला आरोपी ठरवणारा अधिकारी उतावळा समजावा. मी त्याला पाणी दिलं आणि सकाळपासून काय काय कामं केलीस ते सांग म्हटलं. तेव्हा उलगडा झाला. फाटक उघडलं तेव्हा गर्दी नव्हती, म्हणून त्याने नळ्या धुऊन घेतल्या होत्या. रिकाम्या पिंपात सफाईचं द्रावण ओतायचं, ते नळ्यांतून सोडायचं, मग साधं पाणी सोडायचं. फेस येतो आणि वास उग्र असतो. शेजारच्या स्टॉलवाल्यांनीही तसलेच डबे काढून दाखवले. निरीक्षकांनी मान डोलावली.

म्हणजे फोन करणाऱ्याने नळ्या धुताना पाहिलं आणि त्याचा विपर्यास केला. हे धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याचं काम नव्हे, त्याला धुणं कळलं असतं. फोन करणारा बिअरमधलं काही न कळणारा होता आणि तरी सकाळपासून इथे बसून होता. शिवाय नळ्या सगळेच धूत होते, त्याने बघितलं मात्र याच एका स्टॉलकडे.

मी मालकाला तंबूत बोलावलं आणि फोन ज्या नंबरावरून आला तो ओळखीचा आहे का विचारलं. त्याने आकडे स्वतःच्या फोनवर दाबले. पडद्यावर नाव उमटलं, ‘आई’. त्याने फोन टेबलावर पालथा घातला.

आई वारली होती. तिचा फोन आता वडील वापरायचे. त्यांना तो आप्पा म्हणायचा. माळकरी माणूस, उभा जन्म गुऱ्हाळ चालवलेले. मुलगा गुळापासून दारू करायला लागला तेव्हा ते म्हणाले, माझ्या उंबऱ्याच्या आत हा वास नको. मुलगा बाहेर पडला. पुढे दोघांचं बोलणं आईमार्फत चालायचं. ती गेली आणि बोलणं संपलं. त्या नंबरावरून त्याला तेव्हापासून एकदाही फोन आला नव्हता. आप्पा कुठे असतील असं विचारलं तर त्याने मान वर न करता सांगितलं, समोर लिंबाखाली.

तिथल्या खुर्च्यांवर सगळी टोळकी बसलेली, मोठ्याने हसत होती. त्यांच्यात एकटेच म्हातारे गृहस्थ. टोपी घडी करून खिशात घातलेली, मनगटाला हिरवी पट्टी, आणि मांडीवर फाटकावर मिळालेला ग्लास, त्यावरचा कागदही न काढलेला. मी शेजारी बसलो. त्यांनी काहीच नाकारलं नाही.

“त्यो मानूस पिंपात कायतरी वतत व्हता. म्या लई येळ गप बसलो. पन लोक प्यायला लागले तवा राहावलं न्हाई. कोन मेलं तर पोरगं आत जाईल की.”

मुलगा समोरच उभा होता, त्यालाच का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

“त्यानं बोलावलं तर जाईन.”

ते औषध नव्हतं, सफाई होती, हे मी त्यांना समजावून सांगितलं. “म्हंजी म्याच बुडीवला त्याला,” एवढंच ते म्हणाले. स्टॉल पुन्हा सुरू होतोय, असं मी सांगितलं. मी उठलो तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. “सायेब, म्या व्हतो म्हनून त्याला सांगू नका.”

निरीक्षकांनी खात्री करून सील काढलं होतं. आयोजकांनी माईकवरून स्टॉल सुरू झाल्याचं सांगितलं, तरी रांग काही लागली नव्हती. मालक नळ पुसत होता. वडिलांना इकडे घेऊन येऊ का, असं मी त्याला विचारलं.

“नको सर, प्लीज. मला कळलंय हे त्यांना सांगू नका. त्यांना लाज वाटेल, मग पुढच्या वर्षी येणार नाहीत.”

ते दर वर्षी येतात हे त्याला माहीत होतं. लिंबासमोरची जागा तो मुद्दाम मागून घ्यायचा, कारण समोर त्यांना बसायला सावली होती. मग त्याने कडेच्या नळावर हात ठेवला. त्या नळावर पाटी नव्हती. त्यात गूळ-आल्याचं पेय होतं, थेंबभरही दारू नसलेलं. बिअरच्या जत्रेत ते कोण मागणार? तरी तो दर वर्षी घेऊन यायचा.

“नेऊन दे की,” मी म्हटलं.

“ते आले तर देईन.”

आयुष्यभर मी लोकांना बोलतं केलं. त्या दिवशी दोघांचेही जबाब माझ्याकडे होते, आणि दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलं होतं. मी गप्प राहिलो. स्टेशन डायरीत नोंद केली की माहिती गैरसमजातून, चांगल्या हेतूने दिलेली, खात्री केली, आक्षेपार्ह काही नाही. संध्याकाळी म्हातारे उठले आणि गर्दीतून वाट काढत फाटकाकडे गेले. ते दिसेनासे होईपर्यंत मुलगा गिऱ्हाईकाचा ग्लास हातात धरून तसाच उभा होता. मला फार एकटं वाटलं, त्या दोघांसाठी आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही.

माझा मुलगा परदेशात असतो. बायको होती तोवर फोन ती लावायची आणि मी शेजारून ‘बरा आहे म्हणावं’ एवढं म्हणायचो. ती गेल्यावर फोन लहानाने करावा, अशी माझी समजूत होती. त्या प्रकरणाने शिकवलं ते इतकंच, की दोघंही वाट बघत बसले तर कोणाला तरी उठावं लागतं, आणि वयाने मोठा असेल त्याने आधी उठावं.

आता दर रविवारी फोन मी लावतो. बोलायला फारसं नसतं. त्याच्याकडे सकाळ असते, तो घाईत असतो. “बाबा, नंतर करू का?” म्हणतो. मी म्हणतो, कर. पुढच्या रविवारी पुन्हा मीच लावतो.