पायांकडे बघणारी मावशी

दवाखान्यातल्या मावशीला कुणी विचारलं, की तुम्हाला दातांतलं काय कळतं, तर ती सरळ सांगायची, दातांतलं काही नाही, पण पायांतलं सगळं. एकतीस वर्षांपूर्वी ती इथे फरशी पुसायला म्हणून लागली. पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिला पेशंटच्या खुर्चीच्या पायथ्याशी उभं केलं. तोंडाकडे मी बघतो, म्हणाले, तू पायांकडे बघ, बोटं आखडली की मला सांग. तोंडात यंत्र असलेला माणूस बोलणार कसा? त्यातून पुरुष म्हणजे जीव गेला तरी 'आई गं' म्हणायचे नाहीत. वहाणा दाराबाहेर काढून आलेले अनवाणी पाय मात्र लपवाछपवी करत नाहीत. मावशीने नुसतं खाकरलं की डॉक्टर यंत्र थांबवायचे, पेशंटच्या खांद्यावर हात ठेवायचे.

काय दिवस होते ते! खुर्ची पायाने पंप मारून वर करावी लागे, अवजारांच्या डब्यातून वाफ फुसफुसे आणि बाहेरच्या बाकावर डॉक्टरांची लेक गृहपाठ करत बसे. आईविना वाढणारं पोर. तिच्या वेण्या मावशीनेच घातल्या, पाढेही मावशीनेच म्हणून घेतले, स्वतःला सतरापुढचे येत नसताना. तीच लेक दातांची डॉक्टर होऊन त्या खोलीत उभी राहिली, तेव्हा मावशी आठवडाभर हवेत होती.

लेकीने कॉम्प्युटर आणला. आता जबड्याचं चित्र पडद्यावर गरगर फिरतं. गेलेल्या दाताच्या जागी इम्प्लांटचा स्क्रू हाडात कुठे बसवायचा, किती खोल, हे आधीच ठरतं. मग दातांवर चपखल बसणारा एक पारदर्शक साचा छापून येतो. त्याच्या भोकातून ड्रिल घातलं की ते आखलेल्या वाटेनेच जातं. हिरडी कमी कापावी लागते, सूज कमी येते. मावशीला हे सगळं पटत होतं. फक्त आता तिला पायांकडे बघ म्हणून कुणी सांगत नव्हतं, आणि ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

अशात मोठ्या डॉक्टरांचीच खालची दाढ गेली. इम्प्लांट लेकीने करायचं ठरलं. अख्ख्या दवाखान्यात धाकधूक होती, कारण खालच्या जबड्यातून ओठाची नस जाते. तिला ड्रिल लागलं तर अर्धा ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. म्हणून भूल हिरडीपुरतीच दिली होती. नसेच्या जवळ गेलं तर पेशंटला कळतं, आणि तो हात वर करतो.

साचा बसवला. साच्याला छोट्या खिडक्या असतात, त्यांतून तो दातांना टेकलाय का ते बघतात. लेकीने पुढच्या तीन बघितल्या. मागची लाळेने भरली होती, ती राहिली. ड्रिल सुरू झालं, लेकीची नजर पडद्यावर. मोठे डॉक्टर शांत पडले होते, हात पोटावर. आणि मावशीने पाहिलं, उजव्या पायाची बोटं तळव्याकडे वळली होती.

मावशी खाकरली. लेकीला ऐकू गेलं नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, "थांब. आत्ताच्या आत्ता थांब."

यंत्र बंद झालं. साचा काढून बघितला तर तो एका बाजूने उचललेला होता. मागच्या दाढेवर साच्याला आडवं येणारं नवं फिलिंग होतं! दाढेचा टवका उडाला होता, म्हणून म्हाताऱ्याने साच्याचं माप दिल्यानंतर घरी आरशात बघून, स्वतःच्या हाताने ते भरलं होतं. आणि डॉक्टर असून कुणाला सांगितलं नव्हतं. हाताखालच्या पोराने केलं असतं तर त्याला फाडून खाल्लं असतं. एक्स-रे काढला, तेव्हा ड्रिल नसेपासून केसभर अलीकडे थांबलेलं दिसलं.

लेक स्टुलावर बसली. हात का वर केला नाहीत, एवढंच तिने विचारलं.

"मला भीती वाटली," म्हातारा म्हणाला. "दुखण्याची नाही. मीच थांबवलं, तर तुझा हात कायमचा कचरेल याची."

"बाबा, थांबलेला हात परत चालतो. नस परत चालेलच असं नाही."

मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली आणि नव्या मापासाठी तोंड उघडलं.

दोन आठवड्यांनी नव्या मापाचा साचा आला. लेकीने चारही खिडक्या पुसून पुसून तपासल्या आणि स्वतःहून मावशीला पायथ्याशी उभं केलं. ड्रिल अर्ध्यावर गेलं असेल नसेल, मोठ्या डॉक्टरांचा हात वर झाला. यंत्र तत्काळ थांबलं.

"दुखतंय?"

"नाक खाजतंय," ते ओशाळून म्हणाले.

मावशीने त्यांचं नाक खाजवून दिलं. एरवी ती यावर महिनाभर हसली असती. पण ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडे पाणीसुद्धा मागितलं नाही, तो लेकीपुढे अडलंय म्हणून सांगत होता, आणि मावशीचे डोळे भरून आले होते. लेकीने ड्रिल बाजूला धरलं होतं.

"सावकाश, बाबा," ती म्हणाली. "मला घाई नाही."